उस्तादाच्या हातापासून बिल्ल्यापर्यंत : यवतमाळ जिल्ह्यातील मोटारचालकांची वाटचाल

मुस्लिम समाजाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे लेखणी दोनच दिशांना वळते. एक तर राजे-बादशहा, किल्ले आणि मकबरे. नाही तर सूफी-संत, दर्गे आणि उरूस. या दोन्हींचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या माणसांनी हाताच्या हुनरावर पोट भरले, त्यांचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला. विणकर, बागवान, अत्तार, तांबोळी यांच्याविषयी अलीकडे थोडेफार लिहिले जाऊ लागले आहे. मोटार चालवणाऱ्या माणसाविषयी काहीच लिहिले गेलेले नाही. वास्तविक विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, मुस्लिम मोहल्ल्यात खाकी कपडे वाळत घातलेले एखादे तरी घर सापडतेच. एसटीचा ड्रायव्हर, ट्रकचा ड्रायव्हर, ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर. हे घर तिथे कसे आले आणि त्या घरातील पुढच्या पिढीचे काय झाले, हा खऱ्या अर्थाने सामाजिक इतिहासाचा विषय आहे.

रेल्वेने वळसा घातलेला जिल्हा

यवतमाळ जिल्ह्यात या व्यवसायाला एवढे महत्त्व का आले, हे समजण्यासाठी नकाशा पाहावा लागतो. इंग्रजी अमलात हा जिल्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापसाचा मुलूख. पण मुंबई-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून गेला. यवतमाळचा कापूस बैलगाडीने धामणगावला नेऊन तिथे रेल्वेत चढवावा लागे. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे झाली, तीच आपली 'शकुंतला'. इंग्रज कंपनीची ही गाडी बैलगाडीशी शर्यत लावते असे लोक थट्टेने म्हणत. आज तीही धावत नाही. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीकडे लोहमार्ग आला, पण दक्षिणेकडचे उमरखेड, महागाव हे भाग कोरडेच राहिले. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा पहिला तुकडा सुरू व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

तात्पर्य, या जिल्ह्यातील माणसाला कचेरीत जायचे, दवाखान्यात जायचे, लेकीला सासरी पोचवायचे तर सडकेशिवाय गत्यंतर नव्हते. सडकेवर आधी बैलगाडी, दमणी आणि टांगा होता. नंतर मोटार आली. टांगा हाकणाऱ्यांत, घोड्याला नाल ठोकणाऱ्यांत, लोखंडाची आणि इंजिनाची मिस्त्रीगिरी करणाऱ्यांत मुसलमान आधीपासूनच होते. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत इंजिनावर काम करणारा मिस्त्री मोटारीचे इंजिन पाहून बिचकला नाही, यात नवल काही नाही. जमीन थोडी किंवा मुळीच नाही, व्यापाराला भांडवल नाही आणि हातात मात्र हुनर आहे, अशा माणसासाठी मोटार ही नवी रोजी होती.

उस्ताद आणि शागीर्द

१९१४ च्या मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरला परवाना सक्तीचा केला. पण परवाना मिळवण्याआधी गाडी शिकायची कुठे? मोटार शिकवणाऱ्या शाळा आपल्या भागात नव्हत्या. शाळा एकच, उस्तादाचा हात. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बाप त्याला एखाद्या ड्रायव्हरच्या स्वाधीन करी. तिथे तो क्लीनर होई. पहाटे गाडी धुणे, रेडिएटरमध्ये पाणी भरणे, समोरून लोखंडी हँडल मारून इंजिन सुरू करणे, टपावर सामान चढवणे, पंक्चर काढणे, उस्तादाचा डबा आणि बिस्तरा सांभाळणे ही त्याची कामे. पगार असा नाहीच. दोन वेळचे जेवण, ईदला कपडे. चुकले तर कानाखाली आवाज निघे आणि त्याबद्दल बापाची तक्रारही नसे. दोन-चार वर्षांनी एखाद्या मोकळ्या सडकेवर उस्ताद बाजूला सरकून म्हणे, "बैठ." त्या दिवशी शागीर्दाच्या घरी गोड होई.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. तेव्हा देशात अनेक ठिकाणी बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. गाडीच्या मागे भट्टी बसवलेली असे. ती पेटवायची, निखारा राखायचा, नळ्यांतली काजळी काढायची आणि चढावर प्रवाशांना उतरवून गाडी ढकलायला लावायची. असली गाडी सांभाळणारा माणूस नुसता चालक नव्हता, अर्धा मिस्त्री होता. इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखणे ही त्या पिढीची तालीम होती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती, त्यामुळे अक्षरओळख नसल्याने कोणाचे अडलेही नाही. अंगठा उठवणारा माणूस उत्तम ड्रायव्हर असू शकत होता आणि होताच.

या पद्धतीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उस्तादाने शिकवले तर शिकवले. कामाचे तास ठरलेले नाहीत, अपघातात हात मोडला तर भरपाई नाही, म्हातारपणी काही नाही. मालकाची मर्जी फिरली की दुसऱ्या दिवसापासून घरी. शिवाय शागीर्द ओळखीतूनच घेतला जाई. ड्रायव्हरचा भाचा, मेहुणा, शेजारी. यामुळे मोहल्ल्याच्या मोहल्ला याच धंद्यात शिरला आणि बाकीच्या धंद्यांची दारे त्याने ठोठावली नाहीत.

सरकारी गाडी आली

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी वाहतुकीला परमिटची पद्धत लावली आणि मनाला येईल तिथे गाडी चालवण्याचे दिवस संपत आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात सेंट्रल प्रोव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेससारख्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि पुढे त्या सरकारच्या ताब्यात आल्या. एकट्या-दुकट्या मोटारमालकाची नोकरी आणि कंपनीची नोकरी यांत फरक होता. १९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा औद्योगिक तंट्यांविषयीचा कायदा आला. याच ट्रान्सपोर्ट कंपनीच्या एका बडतर्फ नोकराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५६ मध्ये निकाल झाला की बडतर्फ झालेला नोकरही या कायद्याखाली दाद मागू शकतो. 'कल से मत आना' एवढ्या चार शब्दांवर ज्यांची रोजी जात असे, त्या वर्गाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती!

तिकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात, सरकारी बस त्याही आधीपासून होती. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्ते वाहतूक खाते सुरू केले होते. हैदराबादच्या बसगाड्यांच्या क्रमांकातील 'झेड' हे अक्षर निजामाच्या आईच्या, जोहरा बेगमच्या, नावावरून आल्याचे तिकडे आजही सांगतात. उमरखेडचा माणूस नदी ओलांडून नांदेडकडे गेला की त्याला ही गाडी दिसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बससेवाही आली. १९६० नंतर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या एकाच नावाखाली तीन मुलखांचे ड्रायव्हर एकत्र झाले : मुंबई राज्याचे, वऱ्हाड-नागपूरचे आणि निजामी मराठवाड्याचे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. यवतमाळ विभागात यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, वणी, पांढरकवडा, राळेगाव अशी आगारे उभी राहिली.

मोहल्ल्याच्या दृष्टीने हा बदल क्रांतिकारकच म्हणावा लागेल. ज्याच्या बापाला मालक ईदला कपडे देई, त्याला वर्दी मिळाली, छातीवर बिल्ला आला, ठरलेल्या तारखेला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कुटुंबाला प्रवासाचा पास. लग्नाच्या बाजारात 'लडका एसटी में है' या वाक्याला किंमत आली. किराणा दुकानदार उधारी देऊ लागला, कारण पगार बुडणार नाही याची त्याला खात्री होती. याच घरांतून पुढे शिक्षक, तलाठी, नर्स, कंपाउंडर झालेले आपण पाहतो. पहिल्या पिढीच्या हातात स्टिअरिंग होते म्हणून दुसऱ्या पिढीच्या हातात पेन आले.

मुक्कामी गाडी

एसटीच्या ड्रायव्हरने आणखी एक काम केले. त्याची नोंद कोणत्याही फायलीत नाही. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, आर्णी या भागांतील आडगावांना रात्री मुक्कामी गाडी जाते आणि पहाटे परतते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री त्या गावात झोपतात. गाडीतून वर्तमानपत्र येई, औषध येई, लग्नपत्रिका येई, परगावी शिकणाऱ्या पोराचा डबा येई. गोंड-कोलामांच्या पोडावर, कुणब्या-बंजाऱ्यांच्या गावात किंवा तांड्यावर एकही मुसलमान घर नसे. पण रोज रात्री एक मुसलमान माणूस तिथे हक्काने झोपे. गावकरी त्याला 'चाचा' म्हणत. रमजानचा महिना असला की पहाटे सहेरीसाठी कोणाच्या तरी घरी चूल आधी पेटे. बाळंतीण अडली की रात्री त्याच्याच गाडीचे दार वाजवले जाई.

दोन समाजांमधला विश्वास नेहमी भाषणांतून वाढतो असे नाही. पन्नास माणसे डोळे मिटून झोपतात आणि त्यांचा जीव एका माणसाच्या हातात असतो; तो कोणत्या धर्माचा आहे हे कोणी विचारत नाही. ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. वातावरण बिघडलेल्या दिवसांतही आगारातून गाडी सुटत राहिली आणि ती चालवणारे राऊत, राठोड, आत्राम, शेख, पठाण एकाच खोलीत पाठ टेकत राहिले.

दार कागदाचे झाले

इथून पुढचा इतिहास मात्र चिंता वाढवणारा आहे. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू झाला. वीस वर्षांच्या आत प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवता येणार नाही. आधी हलक्या वाहनाचा परवाना, तो एक वर्ष झाल्यावर जड वाहनाचा शिकाऊ परवाना, मान्यताप्राप्त मोटार स्कूलचे प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि मग बिल्ला. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच होते. २००७ मध्ये केंद्राने व्यावसायिक परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण ही अट घातली. तिने उस्तादाकडे शिकलेले असंख्य हात एका फटक्यात अपात्र ठरवले. २०१९ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. पण तोपर्यंत बारा वर्षांची एक पिढी एक तर विनापरवाना चालवत राहिली किंवा क्लीनरच राहिली.

एसटीची अट त्याहून पुढची आहे. २०१९ च्या मोठ्या भरतीत दहावी उत्तीर्ण, जड वाहनाचा परवाना, बिल्ला आणि अनुभव अशा अटी होत्या. दुष्काळी जिल्ह्यांसाठी अनुभवात सवलत होती. पदाचे नावही बदलले आहे, 'चालक तथा वाहक'. म्हणजे तोच माणूस गाडी चालवणार आणि वेळ पडली तर तिकिटेही फाडणार. लेखी परीक्षा मराठीत, गाडी चालवण्याची परीक्षा वेगळी, नजर निर्दोष हवी.

सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे पुढे ठेवले. तेव्हा देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के होते. रेल्वेत त्यांचे प्रमाण ४.५ टक्के होते आणि त्यांतले ९८.७ टक्के खालच्या पदांवर होते. राज्यांच्या परिवहन खात्यांत हे प्रमाण सुमारे ६.५ टक्के निघाले. ज्या धंद्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या आहोत त्याच्याच सरकारी शाखेत लोकसंख्येच्या निम्म्याने! हुनर कमी पडले म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही, कारण खासगी गाड्यांवर तीच मुले दिसतात. भेदभाव कुठेच झाला नाही असेही कोणी म्हणू नये. पण आपल्या मुलांकडे कागद नव्हते, हेही तितकेच खरे आहे. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीमुळे ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने मुस्लिम ओबीसींना सवलतीचे दार उघडले. तरी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र काढण्याचा खटाटोप किती घरांनी वेळेवर केला?

एकच स्टिअरिंग, दोन नशिबे

जे आत जाऊ शकले नाहीत ते कुठे गेले? १९९० नंतर काळी-पिवळी आली, जीप आली, मग रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्स. कापसाने दगा दिला तशी यवतमाळची तरणी पोरे पुण्या-मुंबईकडे निघाली आणि त्यांना नेणाऱ्या गाड्याही वाढल्या. या गाड्यांवरील ड्रायव्हर फेरीच्या हिशेबाने पैसे घेतो. कागदोपत्री आठ तासांचा कायदा त्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात रात्र संपेपर्यंत स्टिअरिंग आणि दिवसा गाडीतच झोप.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकजवळ ट्रकला धडकून पेटली. बारा माणसे गेली. १ जुलै २०२३ रोजी नागपूर-पुणे खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. पंचवीस प्रवासी होरपळून मेले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण अशा प्रत्येक अपघातानंतर पहिला गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो. तो किती तास जागा होता, त्याच्या बाजूला दुसरा ड्रायव्हर होता की नाही, हा प्रश्न दोन दिवसांत विरून जातो.

एसटीतही सगळे आलबेल आहे असे नाही. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला संप आपण पाहिला. विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही, पण नव्या कामगाराचे मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० रुपये झाले. राज्याच्या लोकवाहिनीचा ड्रायव्हर एवढ्या मूळ वेतनावर राबत होता, हे कित्येकांना संपामुळेच कळले. १ जून २०२२ पासून विजेवरची 'शिवाई' आली; तिचा कंडक्टर एसटीचा आणि ड्रायव्हर मात्र ठेकेदाराचा. २०२५ मध्ये १७ हजारांहून अधिक चालक व सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याचे जाहीर झाले. आपल्या आजोबांनी मालकाच्या मर्जीतून जी सुटका मिळवली होती, तिची किंमत नातवांना पुन्हा समजावून घ्यावी लागणार आहे.

आठ वर्षांचा हिशेब

मग आता काय करावे? उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना एक हिशेब डोळ्यांसमोर येतो. दहावीच्या वेळी मुलगा सोळा वर्षांचा असतो. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना, विसाव्या वर्षी जड वाहनाचा, मग बिल्ला, तीन वर्षांचा नोंदवता येईल असा अनुभव; एसटीच्या नेहमीच्या भरतीला बसायला चोविसावे वर्ष उजाडते. म्हणजे आठ वर्षे. या आठ वर्षांत मुलगा क्लीनर होतो, रात्री विनापरवाना गाडी हाकतो, एखादा गुन्हा अंगावर घेतो आणि चोविसाव्या वर्षी हात तयार असूनही कागद कोरे राहतात.

दुसरी अडचण नावाची. आपल्या विदर्भात 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावाची पद्धत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'शे.', आधारवर 'शेख', परवान्यावर 'शैख', कुठे 'मो.', कुठे 'मोहम्मद', कुठे 'मोहंमद'. कागदपत्रांच्या पडताळणीत एवढ्यावरून माणूस बाजूला काढला जातो. हे दुरुस्त करायला दहावीपूर्वीच वेळ असतो, नंतर प्रतिज्ञापत्रे आणि कचेरीचे हेलपाटे.

तिसरी गोष्ट मराठीची. उर्दू ही आपली तहजीब आहे, ती सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण गाडीच्या कपाळावरची पाटी मराठीत, परीक्षा मराठीत, प्रवाशाचे गाऱ्हाणे मराठीत. आपली मुले मराठी बोलतात अगदी वऱ्हाडी ठसक्यात. लिहिताना मात्र अडखळतात. आठवड्यातले मराठीचे तास गंभीरपणे घेतले तर ही अडचण राहणार नाही.

शेजारच्या समाजाकडेही पाहावे. एसटीने २०१९ मध्ये महिला चालकांची निवड केली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी मुलींना चालक म्हणून प्रशिक्षण देण्याचाही उपक्रम हाती घेतला. जून २०२३ मध्ये सासवड-नीरा मार्गावर अर्चना आत्राम यांनी एसटी चालवली आणि महामंडळाच्या इतिहासात नवे पान उघडले. ज्या घरांत मोटारीची परंपराच नव्हती, त्या घरांतील मुली योजना, प्रशिक्षण आणि कागद यांच्या जोरावर स्टिअरिंगपर्यंत पोचल्या. आपल्या घरांत परंपरा आहे आणि नेमके बाकीचे नाही.

निळ्या मानव विकास बसमधून आणि मोफत पासावर आज खेड्यांतल्या मुस्लिम मुली तालुक्याच्या उर्दू शाळेत येतात. त्यांना आणणारा ड्रायव्हर आपल्याच समाजातला असो वा नसो, तो नोकरीची हमी असलेला आणि झोप झालेला माणूस असावा, हा सगळ्यांच्याच लेकरांचा प्रश्न आहे. मोहल्ल्यांतील निवृत्त एसटी ड्रायव्हरांनी मशिदीच्या ओट्यावर बसून जुन्या आठवणी सांगण्याबरोबरच दहावीतल्या पोरांचे दाखले, आधार आणि परवाने तपासून द्यावेत, त्यांना भरतीच्या जाहिराती वाचून दाखवाव्यात. अंजुमने आणि शाळांनी त्यांना वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावे. शागीर्द तयार आहेत. उस्तादांनी या वेळी गिअरबरोबर फॉर्म भरायलाही शिकवायचे आहे.